पुढची सीट

छोटी रेल्वे बंद पडली तेव्हा अंजनीत कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण ती चालू होती तेव्हाही सायकलवाला तिच्या आधी पोचायचा. रूळ उपटून नेले, भरावावर बाभळी माजल्या, आणि कित्येक वर्षांनी त्याच भरावावर अंजनी ते पिंपळखुटा असा गुळगुळीत फरसबंद रस्ता झाला. फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. दोन्ही अंगांना कडुनिंब आणि करंज, पलीकडे संत्र्याच्या बागा, आणि हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. पाटीवर नाव होतं 'हरितमार्ग'. गाव मात्र अजून 'लाइन'च म्हणायचं. सकाळी लाइनीवर एक चक्कर मारल्याशिवाय अर्ध्या अंजनीला चहा गोड लागत नसे.

या लाइनीला पावलं वाचता येत होती.

फरशीखाली केसाहून बारीक तंतूंचं जाळं अंथरलेलं होतं. तंतूवर दाब पडला की त्यातून किंचित वीज निघते. जास्त दाब, जास्त वीज. टाच कधी टेकली, बोटं कधी सुटली, डाव्या पायाला उजव्यापेक्षा वेळ लागला का, हे सगळं त्या विजेच्या चढउतारात उमटतं. प्रत्येकाची चाल वेगळी असते, म्हणून नोंदणी केलेला माणूस आला की लाइन त्याला ओळखायची. आणि ओळखीच्या माणसाची चाल बदलली, तर तेही तिला कळायचं. मेंदूचे काही आजार उघड दिसायच्या कितीतरी आधी चालीत शिरतात. पाऊल आखूड पडायला लागतं, दोन पावलांमधली लय चुकते. घरचे म्हणतात, वय झालं आता. लाइन असं म्हणून सोडून देत नसे. बदल किरकोळ असेल तर त्या माणसाच्या फोनवर पिवळा निरोप जायचा: एकदा डॉक्टरांना भेटा. बदल मोठा असेल तर लाल निरोप. तो त्याला जायचा आणि नोंदणीत त्याने 'जवळचा माणूस' म्हणून ज्याचं नाव दिलं असेल त्यालाही.

प्रणिता धोटे हे सगळं सांभाळायची. जुन्या स्टेशनची तिकीटखिडकी होती त्या खोलीत तिचं ऑफिस होतं. पुण्यातली बरी नोकरी सोडून ती गावी आली, तेव्हा लोकांनी तिच्या वडिलांना विचारलं होतं, "पोरगी रस्ता झाडाले आली काय?" सुधाकरराव धोटे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी उत्तर दिलं होतं, "मी रस्त्यावर गाडी चालवली, ते रस्ताच चालवते."

पण लाइनीचं पहिलं नवरात्र प्रणिताच्या चांगलंच अंगाशी आलं.

टेकडीवरच्या रेणुकेचं देऊळ लाइनीच्या मधोमध लागतं. नवरात्रात गावातल्या शेकडो बाया नऊ दिवस अनवाणी असतात आणि पहाटे लाइनीवरूनच देवळात जातात. लाइनीला चाल शिकवली होती ती परदेशातल्या आणि मोठ्या शहरांतल्या माणसांच्या पावलांवरून, आणि ती सगळी माणसं बूट घालणारी. अनवाणी माणूस पाऊल आखूड टाकतो, टाच जपून टेकवतो, बारीक खडा लागला की अंग चोरतो. लाइनीच्या दृष्टीने सगळी अंजनी एका रात्रीत आजारी पडली होती. पहिल्याच सकाळी लाल निरोपांचा पाऊस पडला. दिवसाच्या ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बाया दवाखान्याच्या दारात, आणि कुणाचे जावई नागपूरहून, कुणाचे मुलगे मुंबईहून फोनवर. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कंपनीचे लोक म्हणाले, अभ्यास करावा लागेल, वेळ लागेल. प्रणिताने त्याच संध्याकाळी स्वतः एक नियम लिहिला: पाचही बोटं सुटी सुटी टेकलेली दिसली, की ते पाऊल अनवाणी समजायचं आणि गाळून टाकायचं. दुसऱ्या दिवसापासून सगळं शांत. देवस्थानाने तिचा नारळ देऊन सत्कार केला. नियम काय आहे ते तिने घरी बाबांनाही हौसेने सांगितलं. तो नियम मग तसाच राहिला.

सुधाकररावांचं आणि लाइनीचं नातं मात्र पावलांचं कमी आणि चाकांचं जास्त होतं. त्यांचे मित्र भास्कर काळमेघ हे शाळेत पीटीचे सर होते. निवृत्तीच्या सुमारास काचबिंदूने त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली. शिट्टी मारून आख्खं मैदान हलवणारा माणूस ओसरीवर बसून राहिला आणि घरच्यांवर खेकसायला लागला. तेव्हा सुधाकररावांनी लाइनीच्या समितीकडून जोडसायकल मिळवली. दोन सीटा, दोन हँडलं, चार पेडलं, एकच साखळी. पुढचा दिशा बघतो, ब्रेक दाबतो. मागचा फक्त पाय मारतो. अंध माणसाला मागे घेऊन जाणाऱ्याला समिती 'सारथी' म्हणून परवाना द्यायची. एसटीचा बिल्ला उतरवल्यापासून सुधाकरराव जरा हरवल्यासारखे झाले होते. हा परवाना त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला. रोज सकाळी दोघे पिंपळखुट्याला जाऊन यायचे. काळमेघ सर मागे बसून जुनी गाणी म्हणायचे, आणि बेसूर म्हणायचे. नियम एकच होता: सारथ्याच्या नावावर लाल निरोप आला, की परवाना त्याच दिवशी रद्द.

गेल्या दसऱ्यानंतर गावाने चपला घातल्या. सुधाकररावांनी घातल्या नाहीत.

"नवस आहे," ते म्हणाले. नवस कशाचा, हे कुणी विचारत नाही. सांगितला की तो फळत नाही असं मानतात. प्रणितानेही विचारलं नाही. आई गेल्यापासून बाबा देवाधर्माकडे वळले असतील, असं तिला वाटलं. उन्हाळ्यात ते भाजणाऱ्या फरशीवरून पाय उचलत घरी यायचे आणि ती मुकाट्याने त्यांच्या पायांना खोबरेल तेल लावून द्यायची.

सगळं उलगडलं ते सखूबाई पडल्यामुळे. सखूबाई संत्र्याच्या बागेत कामाला जायची, जन्मभर अनवाणी. लाइनीवर रोज तिचं जाणंयेणं होतं, नोंदणीही होती. ती बांधावरून पडली आणि कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हिच्या चालीत वर्षभर आधीपासून बिघाड असणार. तिची सून तिकीटखिडकीपाशी आली. भांडायला नव्हती आली, आणि त्यामुळेच प्रणिताला ते जास्त लागलं.

"ताई, सगळ्याईले मेसेज येते. आमच्या बुढीलेच कावून नाई आला?"

प्रणिताकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. ज्यांच्याकडे चपला नाहीत, ती माणसं तिने एका ओळीत गाळून टाकली होती. त्या दिवशी तिला स्वतःची खरोखर लाज वाटली. पुढचे काही महिने तिने दवाखान्याच्या मदतीने लाइनीला अनवाणी चाल शिकवली. निरोगी बाया, आजारी बाया, शेतातली माणसं, देवळातली माणसं, सगळ्यांची पावलं एकेक करून. लाइन शिकली. नवा नियम सोमवारपासून लागू होणार होता. त्याआधी तपासणी म्हणून प्रणिताने गाळून ठेवलेली वर्षभराची अनवाणी पावलं त्यातून चालवून पाहिली.

सखूबाईचं नाव लाल आलं, जसं यायला हवं होतं तसंच. आणि तिच्याच खाली सुधाकर धोटे.

यंत्राची चूक असेल म्हणून प्रणिताने पुन्हा तपासलं, मग मागे जाऊन दसऱ्याआधीची, चपला घातलेली पावलं उघडली. तिथे एक पिवळा निरोप गेलेला होता. पिवळा, म्हणजे फक्त बाबांना. त्यानंतर चपलांचं एकही पाऊल नव्हतं.

संध्याकाळी ती घरी गेली आणि रोजचंच घर तिला पहिल्यांदा नीट दिसलं. बाबांनी बटणांचे शर्ट घालणं केव्हाच सोडलं होतं. चहा ते कपबशीतून नाही, अर्ध्या भरलेल्या स्टीलच्या पेल्यातून घेत होते. चालताना डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटून होता. लाइनीला पाय दिसतात, हात दिसत नाहीत. हात तर तिला दिसायला हवे होते. एका घरात राहून तिने वर्षभर काय पाहिलं होतं?

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही अनवाणी कायले चालता?"

"नवस आहे म्हटलं न तुले."

"नवस कोणी विचारत नाई. म्हणूनच तो निवडला न?"

सुधाकररावांनी पेला खाली ठेवला. इतका सरळ वार त्यांना अपेक्षित नसावा.

"अमरावतीले दाखवलं मी," ते म्हणाले. "पार्किन्सन म्हणते डॉक्टर. गोळ्या चालू आहेत. कपाटात तुह्या आईच्या साड्याईखाली ठेवतो."

"आणि मला?"

"तुले सांगतलं असतं त तू लाल मेसेज धाडला असता. धाडला असता का नाई?"

प्रणिताने तो पाठवलाच असता.

"मंग माह्याजवळ काय रायते वं?" त्यांचा आवाज एकदम चढला. "गाडी गेली, तुही माय गेली. त्या भास्करले सकाळी घेऊन जातो, तेवढंच हाये. पाय अडखळते, कबूल. पण सायकलवर अडखळते का? तुह्या रस्त्यालेच विचार!"

तिने विचारलं. चाकांची रेघ लाइन आपोआप टाकून देते, पण ती तात्पुरती साठलेली असते. प्रणिताने ती उघडली आणि बघतच राहिली. बाबांच्या सायकलची रेघ कॉलेजातल्या पोरांपेक्षा सरळ होती.

दवाखान्यातल्या डॉक्टर भुयारताईंना याचं नवल वाटलं नाही. "चालणं आपण विचार न करता करतो," त्या म्हणाल्या. "मेंदूचा जो भाग ते आपोआप चालवतो, तोच या आजारात दमतो. मग प्रत्येक पाऊल मुद्दाम उचलावं लागतं. सायकलचं तसं नसतं. एक पेडल खाली गेलं की दुसरं वर येतंच, पायाला बाहेरून लय मिळते. चार पावलं धड न टाकणारे पेशंट मैलभर सायकल चालवतात. उलट पुढच्या माणसाने जोरात पेडल मारलं आणि मागे पेशंट बसला, तर पायांना आपल्या इच्छेपेक्षा जास्त वेग मिळतो आणि थरथर काही काळ कमी होते, असंही दिसलंय."

"मग परवाना ठेवायला हरकत नाही?"

"असं मी म्हटलं नाही. कुत्रं आडवं आलं तर? ब्रेकवरचं बोट वेळेवर दाबलं जाईल का? आज जाईल. कोणत्या दिवशी जाणार नाही, ते मला सांगता येत नाही, तुझ्या लाइनीलाही नाही."

प्रणिता त्या रात्री धड झोपली नाही. नियमात एक नाव वगळणं तिच्या हातात होतं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिच्या बापाला कळलं असतं, आणि तो खूश झाला असता. पण मागच्या सीटवर एक माणूस डोळ्यांशिवाय बसलेला होता, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सकाळी तिने बाबांना सांगितलं, "सोमवारी लाल जाणार. तुमच्यासाठी एक करते. सरांना लाइन सांगणार नाही, मीही सांगणार नाही. तुम्ही सांगा."

रविवारी तिघं निघाले. जोडसायकलवर दोघं, मागे प्रणिता आपल्या सायकलवर. देवळाची टेकडी मागे पडली तरी सुधाकरराव गप्प होते. पुलाजवळच्या बाकापाशी त्यांनी सायकल थांबवली आणि एका दमात सांगून टाकलं. आजार, गोळ्या, नवस, सगळं. प्रणिताला वाटलं होतं की सर हळहळतील, पाठीवर हात ठेवतील.

"कवापासून?" काळमेघ सरांनी विचारलं.

"मागच्या दसऱ्यापासून."

"म्हणजे सालभर." सर सायकलवरून उतरले. त्यांचा चेहरा पडला नव्हता, लाल झाला होता. "सालभर मी मागे बसून गाणे म्हणून रायलो, आन् तुले माहीत होतं."

"सायकल सरळ चालते बे माही. प्रणीले विचार."

"तिले कायले विचारू? मले विचारलं का तू? मले डोये नाईत, सुधाकर. तू जे सांगशीन तेच मले दिसते. सांगून बसवलं असतं त मी बसलोच असतो रे! हासत बसलो असतो!" त्यांनी घडीची पांढरी काठी झटकून उघडली. "जा तू. मी जातो माह्या पायानं."

आणि ते निघाले, काठी फरशीवर आपटत, अंजनीच्या दिशेने. सुधाकरराव सायकल तशीच टाकून त्यांच्या मागे गेले. प्रणिताने आधी जोडसायकल सावरली, मग आपली, आणि त्यामुळे ती मागे पडली.

थोड्या अंतरावर शेताचा रस्ता लाइनीला आडवा जातो. ट्रॅक्टर आत शिरू नयेत म्हणून तिथे लोखंडी खांब रोवले आहेत. एकच माणूस जाईल एवढी फट. सर काठीने चाचपून पार झाले. सुधाकरराव फटीपाशी आले आणि थांबले. थांबले म्हणजे थांबावंच लागलं. अरुंद जागा समोर आली की या आजारात पाय जमिनीला डिंकाने चिकटल्यासारखे होतात. अंग पुढे झुकतं, गुडघे थरथरतात आणि पाऊल निघत नाही. डॉक्टरांनी प्रणिताला हे सांगितलं होतं. बाबांना असं झालेलं ती पहिल्यांदाच बघत होती, आणि त्यांची ती धडपड तिला मागूनही बघवेना. दोन्ही सायकली टाकून ती धावली.

पलीकडे काठीचा आवाज थांबला. मागची पावलं बंद झाल्याचं सरांना कळलं होतं.

"काय झालं?"

"पाय निघून नाई रायला," सुधाकरराव म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

सरांचा राग काही गेलेला नव्हता, तो त्यांच्या मानेत दिसत होता. मग त्यांनी पाठ ताठ केली, टाचा जुळवल्या आणि बागेतल्या बाया चमकून उभ्या राहतील अशा आवाजात ओरडले, "कदमताल! डावा! डावा! डावा, उजवा, डावा!" प्रत्येक 'डावा'ला काठी फरशीवर बसत होती.

सुधाकररावांचा डावा पाय जागच्या जागी उचलला गेला. मग उजवा. मग पुन्हा डावा. पेडल देतं ती लय आता आवाज देत होता.

"पुढे चल! डावा! डावा!"

फटीतून ते पार झाले. प्रणिता वाटेतच थांबली. तिची गरज राहिली नव्हती. सरांनी हात पुढे करून मित्राचा खांदा शोधला आणि चांगला दाबून धरला.

"अजून बोलणार नाई मी तुह्याशी," ते म्हणाले, "पण घरापर्यंत चाल." आणि गावापर्यंत त्यांनी कवायत सोडली नाही.

सोमवारी लाल निरोप गेला. प्रणिताने नवा नियम सुरू करायचं बटण दाबलं आणि दोन क्षणांत तिचाच फोन वाजला, कारण जवळचा माणूस तीच होती. सुधाकररावांनी गळ्यातलं पाकीट काढून तिच्या टेबलावर ठेवलं.

तीन-चार दिवस जोडसायकल स्टेशनच्या भिंतीला टेकून उभी होती. मग काळमेघ सर काठी टेकत ऑफिसात आले.

"प्रणिता, परवाना कोणालेही भेटते का?"

"परीक्षा द्यावी लागते. पुढे बसता यायला हवं."

"मंग तू दे."

"मला जोडसायकल येत नाही, सर. ती फार वेगळी वागते, मागच्याचं वजन..."

"मी शिकवतो," दारातून सुधाकरराव म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते, तिला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्टेशनबाहेरच्या बाकावर बसले आणि आधी बापलेकीने चक्कर मारायची असं ठरलं. मागच्या सीटवर नंतर पाळीपाळीने बसायचं होतं, त्यावरून दोघा म्हाताऱ्यांचं आधीच वाजलं होतं. प्रणिता पुढे बसली. मागून सूचना सुरू झाल्या: "हँडल घट्ट धरू नको. दूर बघ, चाकाकडे नाई. वळणाले अंग टाकू नको, मी हाओ मागे." एसटीत नव्या ड्रायव्हरला शिकवावं तसं ते शिकवत होते. पहिल्या वळणावर दोघं करंजाच्या झाडात जाता जाता राहिले. दुसरं बरं गेलं. मग देवळापुढचा उतार लागला आणि सायकलने वेग घेतला.

"ब्रेक!" सुधाकरराव ओरडले. मागच्या हँडलवर त्यांची बोटं काहीतरी शोधत असल्याचं तिला सायकलच्या थरथरीतून जाणवलं. तिथे दाबायला काहीच नव्हतं.

"ब्रेक माझ्याकडे आहे, बाबा."

मग तिच्या पायाखालचं पेडल आपसूक जोरात फिरू लागलं. ते पाय मारत होते, जोरात, एकसारखे, कुठेही न अडता, आणि साखळीतून त्यांचं प्रत्येक पाऊल तिच्या पायांना कळत होतं.

"मंग दाबू नको," ते म्हणाले. "जाऊ दे."